द्वारका, जगन्नाथपुरी की रामेश्वर? ठाण्याहून निघण्याआधी

शेजारच्या वहिनींनी परवा दारातच गाठलं. "सासूबाईंना यंदा समुद्राकाठचं एखादं धाम दाखवायचंय. वय पंचाहत्तर, गुडघे दुखतात, आणि ह्यांना आठ दिवसांच्या वर रजा नाही. द्वारकेला नेऊ की जगन्नाथपुरीला? की रामेश्वरच करून टाकू?" उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता. मी तिन्ही ठिकाणी जाऊन आले आहे. द्वारकेला दोनदा, दोन्ही वेळा आईला घेऊन. पुरीला एकदा आईबरोबर, एकदा मैत्रिणींबरोबर. रामेश्वरला एकदाच, आई गेल्यानंतर. नौपाड्यातून घराला कुलूप लावून निघणाऱ्या माणसाच्या सोयीनं हे लिहिते आहे. नवी मुंबईकरांना जिथे वेगळी वाट आहे, तिथे ती सांगितली आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. पाय अधू असलेल्या माणसाला घेऊन पहिल्यांदाच एवढ्या लांब निघत असाल, तर द्वारका. पुरी उणी आहे म्हणून मी हे म्हणत नाही. माझं स्वतःचं मन पुरीतच जास्त रमलं. पण पुरी अंगाला जास्त शिणवते. गर्दीत उभं राहायची, थांबायची, वेळापत्रक सोडून द्यायची तयारी ठेवावी लागते. रामेश्वर सर्वांत लांब, आणि तिथला मुख्य विधीच ओल्या कपड्यांनी चालत करायचा आहे. ज्यांच्या घरी काशीयात्रा झालेली आहे त्यांच्यासाठी मात्र रामेश्वरचा हिशेब वेगळा, त्याकडे पुढे येते.

चार धामांतली ही तीन धामं समुद्राकाठी आहेत, चौथं बद्रीनाथ तेवढं हिमालयात. द्वारकेचं नाव सप्तपुरींतही येतं, "पुरी द्वारावती चैव" असं. तिथली "पुरी" म्हणजे जगन्नाथपुरी असं पुष्कळांना वाटतं, पण तो शब्द द्वारावतीला लागलेला आहे. सासूबाईंच्या मनात सात पुऱ्या पूर्ण करायच्या असतील, तर हा फरक आधी विचारून घ्या.

गाडी कुठून, रात्री किती

आपण मध्य रेल्वेची माणसं आणि द्वारकेची गाडी पश्चिम रेल्वेची. सौराष्ट्र मेल रोज रात्री मुंबई सेंट्रलहून सुटते, बोरिवलीला थांबते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी द्वारकेला पोचवते. गाडीत एकच रात्र. अडचण आहे ती बोरिवली गाठण्याची. घोडबंदर रोडला संध्याकाळी गायमुखच्या चढावर वाहनं खोळंबली की घड्याळाकडे बघवत नाही. पहिल्या खेपेला आम्ही दोन तास हाताशी ठेवून निघालो आणि गाडी सुटायच्या बेतात असताना फलाटावर पोचलो. आईला धावावं लागलं, त्याची बोच मला अजून आहे. दुसऱ्या खेपेला दुपारीच लोकलनं दादर, तिथून पश्चिमेच्या लोकलनं मुंबई सेंट्रल असं गेलो. गाडी तिथूनच सुटत असल्यामुळे सामान नीट लावून, आईला खिडकीशी बसवून, डबा उघडेपर्यंत वेळ मिळाला. वयस्कर माणूस बरोबर असेल तर बोरिवलीच्या दोन मिनिटांच्या थांब्यापेक्षा हाच मार्ग धरा.

नवी मुंबईकरांना आणखी एक वाट आहे. एर्नाकुलमहून ओख्याला जाणारी एक्सप्रेस कोकण रेल्वेनं येते आणि पनवेल, वसई रोड करत गुजरातेत शिरते. आठवड्यातून दोनच दिवस असते, पण नेरूळ-खारघरच्या माणसाला पनवेलला बसून थेट द्वारकेला उतरता येतं. मुंबई ओलांडायचा त्रास वाचतो. विमानानं जायचं तर जामनगर हा जवळचा विमानतळ, आणि तिथून सव्वाशे-दीडशे किलोमीटर रस्ता.

पुरीला लोकमान्य टिळक टर्मिनसहून थेट गाड्या आहेत, कल्याणला बसता येतं, पण त्या साप्ताहिक आहेत. जायचा वार जमला तर यायचा जमत नाही. रोजची म्हणाल तर कोणार्क एक्सप्रेस, ती भुवनेश्वरपर्यंत नेते. कुठलीही घेतली तरी दीड दिवस गाडीत जातो. जाऊन-येऊन तीन-चार दिवस रुळांवर, म्हणजे आठ दिवसांच्या रजेत हातात उरतात चार. म्हणून पुरीची तुलना करताना द्वारकेचं रेल्वेचं तिकीट आणि पुरीचं विमानाचं तिकीट अशीच करावी. मुंबईहून भुवनेश्वरला विमान दोन-अडीच तासांत उतरतं, आणि पुढे पुरीचा ६० किलोमीटरचा चांगला रस्ता आहे. पैसे जास्त जातात, पण वयस्कर माणसाची कंबर वाचते. दुसऱ्या वेळी आम्ही मैत्रिणी गाडीनं गेलो होतो. विजयवाड्यानंतर सगळ्यांच्या गप्पा संपल्या होत्या, आणि आम्ही सगळ्या पन्नाशीच्या आत होतो.

रामेश्वरला आधी मदुराई गाठायची. विमानानं गेलात तरी मदुराईहून पुढे सुमारे १७० किलोमीटर रस्ता उरतो. पांबनचा नवा रेल्वेपूल ६ एप्रिल २०२५ ला खुला झाला. १९१४ चा जुना पूल डिसेंबर २०२२ मध्ये गाड्यांसाठी बंद झाल्यापासून आगगाडी बेटावर जात नव्हती, ती आता पुन्हा जाते. मधला भाग सरळ वर उचलला जाणारा, भरसमुद्रातला हा पूल आगगाडीतून पार करणं हा अनुभव मुलंबाळं बरोबर असतील तर चुकवू नका.

देवळात शिरल्यावर

द्वारकेचं जगत मंदिर गोमती जिथे समुद्राला मिळते तिथे उंचावर उभं आहे. पाच मजले, ७२ खांब. गोमतीच्या घाटावरून वर स्वर्गद्वाराकडे ५६ पायऱ्या चढाव्या लागतात, आणि सगळी छायाचित्रं त्या बाजूचीच असल्यामुळे लोक मनातल्या मनात तिथेच घाबरतात. उत्तरेला बाजाराच्या अंगानं मोक्षद्वार आहे. तिकडून या पायऱ्या टळतात. आईला मी त्या बाजूनंच आत नेलं आणि दर्शन झाल्यावर त्याच बाजूनं बाहेर आणलं. घाट संध्याकाळी रिक्षानं जाऊन वेगळा पाहिला.

दुपारी साधारण एक ते पाच मंदिर बंद असतं. गाडीही दुपारीच पोचते, त्यामुळे उतरायचं, खोलीवर अंघोळ, थोडी झोप, आणि पाचला ताज्या अंगानं दर्शनाला. वयस्कर माणसाच्या दिवसाला हा क्रम इतका मानवतो की द्वारकेच्या बाजूनं मी सगळ्यात आधी हेच सांगेन.

गाभाऱ्यातली मूर्ती काळ्या पाषाणाची, चतुर्भुज. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हा तर आपलाच. कमरेवर हात ठेवायचे राहिलेत एवढंच." पंढरपूरच्या कथेत रुक्मिणी रुसून द्वारकेहून दिंडीरवनात येते आणि देव तिला शोधत मागून येतो. द्वारकेत रुक्मिणीचं देऊळ गावाबाहेर दोनेक किलोमीटरवर एकटंच उभं आहे. तिथे दुर्वासांच्या शापाची कथा सांगतात, आणि त्या शापामुळे इथलं पाणी खारं म्हणून भाविक तिथे जलदान करतात. पंढरीतही रखुमाई वेगळ्याच गाभाऱ्यात उभी असते. एवढं अंतर कापून आईला द्वारकेत घरचं दुखणं सापडलं. वारकरी घरातल्या सासूबाई असतील तर त्यांना हे देऊळ नक्की दाखवा, आणि गर्दी नसताना, सकाळी लवकर.

पुरीचं मंदिर वेगळ्याच मापाचं. बाराव्या शतकात अनंतवर्मन चोडगंगदेवानं ते बांधायला घेतलं. शिखर २१४ फूट. पूर्वेच्या सिंहद्वारातून आत गेलं की २२ पायऱ्या, ओडियात "बाईसी पाहाच". चढायला त्या अवघड नाहीत, पण सणावाराला त्यांवर इतकी माणसं असतात की कुठली पायरी कुठे संपते ते दिसत नाही. २०२४ च्या जानेवारीत मंदिराभोवतीचा परिक्रमा मार्ग मोकळा झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये चारही दरवाजे पुन्हा उघडले. माझ्या दोन खेपांमध्ये हा बदल झाला. पहिल्या वेळी आईला आणलं तेव्हा सिंहद्वारासमोर दुकानांच्या दाटीत तासभर रांग होती. दुसऱ्या वेळी निदान बाहेर श्वास घ्यायला जागा होती. आत मात्र गर्दी तशीच. मोबाईल आत नेता येत नाही, चामड्याचं काही नेता येत नाही, अर्ध्या चड्डीत किंवा फाटक्या जीन्समध्ये सोडत नाहीत. बरोबर कुणी हिंदू नसलेलं असेल तर त्याला प्रवेश नाही. आपल्यामुळे एखादा माणूस दाराबाहेर उभा राहणार असेल तर ते घरूनच ठाऊक असलेलं बरं.

पुरीत दुपारी ठरावीक बंद नसतं, पण देवाच्या "नीती", म्हणजे दिवसभराचे विधी, चालू असले की दर्शन थांबतं. नैवेद्य लागला की थांबायचं. विधीला उशीर झाला की पुढचं सगळं पुढे सरकतं. तिथे देवाचा दिवस माणसाच्या घड्याळावर चालत नाही आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नसते. मला ते फार आवडलं. आईला खांबाला टेकून पाऊण तास उभं राहावं लागलं, तेव्हा माझा जीव कासावीस झाला. मग एकदम रेटा आला आणि आम्ही गरुडस्तंभापाशी पोचलो. समोर ते तिघे, जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा, कडुनिंबाच्या लाकडाचे, आणि जगन्नाथाचे ते मोठे वाटोळे डोळे. पापण्या नसलेले. "अगं, हा टक लावून आपल्याकडेच बघतोय," आई म्हणाली, आणि तिला रडू आलं. द्वारकेत ती हसली होती.

पंड्यांविषयी. पुरीत ते मागे लागतात, भांडी-पोथ्या-वंशावळी पुढे करतात, आत दानपेटीशिवाय वेगळी दक्षिणा मागतात. आमच्याकडून एकानं आईच्या हाताला धरून पुढे नेण्याचे पैसे आधी एक सांगितले आणि नंतर दुसरेच घेतले. वाद घालण्यात दर्शन वाया जातं. किती द्यायचं ते बाहेर ठरवा, तेवढेच सुटे पैसे हातात ठेवा, पाकीट आत काढूच नका. द्वारकेतही मागणारे आहेत, पण नम्रपणे नको म्हटलं की बाजूला होतात.

दोन ध्वज

ज्यांना अजून ठरत नसेल त्यांनी दोन्हीकडचे ध्वज डोळ्यांसमोर आणून बघावेत.

द्वारकेच्या शिखरावर ५२ गजांचा ध्वज असतो आणि तो दिवसातून अनेकदा बदलतो. प्रत्येक ध्वज कुठल्या तरी कुटुंबानं नवस म्हणून दिलेला असतो. नंबर लावून ठेवलेला असतो आणि नंबर आला की अख्खं गोत बसगाडी करून येतं. टोपलीत घडी केलेला ध्वज डोक्यावर घेऊन ढोल-शहनाईच्या तालावर बायका गरबा करत बाजारातून जातात. आम्ही चहाच्या टपरीवर बसलो होतो, एका मिरवणुकीतल्या म्हाताऱ्या बाईनं आईचा हात धरून तिला चार पावलं नाचवलं. वर ध्वज उलगडला की खाली अनोळखी माणसंही एकमेकांना "जय द्वारकाधीश" म्हणतात. लग्नघरात शिरल्यासारखं वाटतं.

पुरीचा ध्वज रोज संध्याकाळी एकदा बदलतो. चुनरा सेवकांच्या घराण्यातला एक जण पाठीला ध्वजांचं गाठोडं बांधून, दोरी न घेता, उघड्या हातापायांनी २१४ फूट चढून शिखरावरच्या नीलचक्रापर्यंत जातो. आबालवृद्ध माना वर करून उभे असतात. त्या वेळी तिथे जी शांतता पसरते ती मी दुसऱ्या कुठल्याही गर्दीत अनुभवलेली नाही. एक दिवस जरी ध्वज चढला नाही तर मंदिर अठरा वर्षं बंद ठेवावं लागेल अशी तिथली श्रद्धा आहे. वादळवाऱ्यातही कुणीतरी चढतं. हे बघायला आत जायची गरज नाही. सिंहद्वारासमोर बाहेर खुर्ची टाकून बसलेल्या माणसालाही दिसतं, त्यामुळे पाय न चालणाऱ्यांनी पुरीत निदान एवढं चुकवू नये.

सिंहद्वारासमोर ज्या अखंड दगडी अरुणस्तंभाशेजारी आपण उभे राहतो, तो मूळचा कोणार्कचा. अठराव्या शतकात, ओरिसा नागपूरकर भोसल्यांकडे असताना, तो तिथून आणून इथे उभा केला. १७५१ पासून १८०३ मध्ये इंग्रज येईपर्यंत पुरीचा कारभार मराठ्यांच्या हाती होता. द्वारकेचं ओखामंडळही पुढे बडोद्याच्या गायकवाडांकडे होतं. शाळेत अटकेपार शिकलो, हे कुणी शिकवलं नाही.

पानात काय पडतं

द्वारकेचं जेवण आपल्या जिभेला ओळखीचं. खिचडी-कढी, रोटला, वांग्याचं भरीत, सकाळी फाफडा-गाठिया. पथ्याच्या माणसाला मऊ खिचडी कुठेही मिळते. प्रसादाला माखण-मिसरी. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. आबाळ होत नाही एवढं पुरे.

पुरीत मात्र जेवण हेच दर्शन. मंदिराच्या स्वयंपाकघरात मातीच्या हंड्या एकावर एक रचून लाकडाच्या विस्तवावर भात, डाळ, भाज्या शिजतात. कांदा-लसूण नाही, बटाटा-टोमॅटोही नाही. अन्न आधी जगन्नाथाला, मग आवारातल्या विमलादेवीला दाखवतात आणि त्यानंतरच त्याला महाप्रसाद म्हणतात. मग ते आनंदबाजारात, म्हणजे आवारातल्या प्रसादाच्या बाजारात, येतं. हंडीत हात घालून थोडं चाखून बघायचं आणि मग भाव करायचा, अशी तिथली रीत. उष्टं-खरकटं मानत नाहीत, जातपात मानत नाहीत, एका केळीच्या पानावर अनोळखी माणसं जेवतात. आमच्या आईनं आयुष्यभर सोवळं पाळलं. तिला वाटलं होतं आपल्याला हे जमणार नाही. तिनं एका बंगाली जोडप्याच्या हंडीतला भात घेतला, त्यांना आपल्यातली डाळ दिली, आणि खाली बसता येत नव्हतं म्हणून ओट्याला टेकून उभ्यानं जेवली. परतल्यावर शेजारपाजारी तिनं पुरीच्या समुद्राचं काही सांगितलं नाही, या भाताचंच सांगत राहिली.

तो भात वाळवून "निर्माल्य" म्हणून पुड्यांत मिळतो. ओडिया घरांत तो देवघरात ठेवतात, आणि शेवटच्या वेळी माणसाच्या तोंडात घालतात, जसं आपल्याकडे गंगाजल आणि तुळशीपत्र. आईनं एक पुडी आणली होती आणि चार वर्षं आपल्या गंगेच्या गडूशेजारी ठेवली होती. तिच्या वेळी आम्हाला ती लागलीच.

समुद्र

विटाव्याच्या किंवा ऐरोलीच्या पुलावरून रोज खाडी बघणाऱ्या आपल्यासारख्यांना समुद्राचं अप्रूप असतं. द्वारकेचा समुद्र पश्चिमेचा. सूर्य त्यात बुडतो. देवळाजवळचा काठ खडकाळ आहे, तिथे पाण्यात उतरण्यापेक्षा भडकेश्वर महादेवाच्या कट्ट्यावर बसून लाटा बघाव्यात. वाळू हवी तर बाराएक किलोमीटरवर शिवराजपूरचा स्वच्छ किनारा आहे. बुडालेली द्वारका कुठे दिसते, असं मुलं विचारतात. दिसत काही नाही. पण १९८० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांच्या पथकानं या समुद्रातून आणि बेट द्वारकेजवळून दगडी नांगर वर काढले. इथे जुनं बंदर होतं, एवढं त्यांवरून कळतं. मुलांना तेवढं सांगितलं तर तेही खूश होतात.

पुरीचा समुद्र पूर्वेचा आणि तापट. पहाटे खोलीच्या गच्चीतून आई सूर्य वर येताना बघायची. लाटा माणसाला खाली पाडतात. टोकदार पांढऱ्या टोप्या घातलेले नोलिया, म्हणजे तिथले जीवरक्षक कोळी, काठावर असतात, पाण्यात जायचं तर त्यांचा हात धरूनच. रामेश्वरला देवळासमोरचा समुद्र, म्हणजे अग्नितीर्थ, ठाण्याच्या तलावपाळीसारखा निवांत. तिथे म्हातारी माणसं गळ्याइतक्या पाण्यात सुखानं उभी असतात.

आजूबाजूला

द्वारकेच्या आसपास दोन दिवस भरतात. नागेश्वर, गोपी तलाव, बेट द्वारका. नागेश्वरला तिकडे ज्योतिर्लिंग मानतात, आपण औंढा नागनाथलाच मानतो. आईनं वाद न घालता इथेही हात जोडले. बेट द्वारकेला पहिल्या वेळी ओख्याहून होडीनं गेलो होतो. होडीत माणसं कोंबलेली, धक्क्याच्या पायऱ्या निसरड्या, आईला दोघांनी उचलून चढवलं. २५ फेब्रुवारी २०२४ ला सुदर्शन सेतू सुरू झाला आणि आता गाडी थेट बेटावर जाते. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी द्वारकेचं पारडं जड झालं ते या पुलामुळे. जुन्या माहितीवर कुणी "होडीचा त्रास आहे" म्हणत असेल तर ते आता विसरा.

हातात आणखी दोन दिवस असतील तर पोरबंदरवरून सोमनाथ. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे आहे, एका दिवसात जाऊन-येऊन करू नका, सोमनाथला मुक्कामच करा. नव्या मंदिराजवळच अहिल्याबाई होळकरांनी १७८३ मध्ये बांधलेलं देऊळ आहे. तिथे गर्दी नसते, आणि मराठी माणसानं तिथे दोन मिनिटं बसावं.

पुरीहून कोणार्क ३५ किलोमीटर, परतीच्या वाटेवर भुवनेश्वरचं लिंगराज, आणि बाजूला सातपाड्याला चिलिका सरोवर. कोणार्कच्या दगडी चाकांपुढे मी अर्धा दिवस घालवला. आईनं एका चाकाशी बसून घेतलं आणि मला फिरून यायला सांगितलं. शिल्पाची आवड असलेलं कुणी घरात असेल तर पुरीचा विचार इथे पुन्हा करावा. द्वारकेच्या आसपास असं काही नाही.

रामेश्वर कुणी निवडावं

आपल्याकडे "काशी-रामेश्वर" एका दमात म्हणतात ते उगीच नाही. काशीची गंगा रामेश्वराला वाहायची आणि सेतूची वाळू प्रयागला न्यायची, तेव्हा यात्रा पुरी झाली असं मानतात. नाथमहाराजांनी रामेश्वरासाठी आणलेली कावड तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ती याच वाटेवरची गोष्ट. घरात काशीचा गडू वाट बघत असेल तर वरची सगळी तुलना बाजूला ठेवून रामेश्वरला जा.

पण तयारीनं जा. पहाटे पाचच्या सुमारास स्फटिकलिंगाचं दर्शन. मग समुद्रस्नान, आणि ओल्या अंगानं देवळातल्या २२ तीर्थांवर एकेक करून बादलीनं पाणी अंगावर घ्यायचं. दगडी फरशी सतत ओली असते. नंतर कोरडे कपडे घालूनच गाभाऱ्यात सोडतात. मी पन्नाशीत होते, तरी बाराव्या विहिरीनंतर पाय लटपटले. आईला नेलं असतं तर सहाव्यालाच थांबवावं लागलं असतं. जगातल्या सर्वांत लांब देवळी ओवऱ्यांत इथल्या ओवऱ्या मोजतात, त्या सावकाश फिरा. गाभाऱ्यात पूजा करणारे पुजारी मूळचे महाराष्ट्रातले, हे तिथे कळलं तेव्हा परक्या लिपीच्या गावात एकदम धीर आला. आणि धनुष्कोडीला जा. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात वाहून गेलेल्या गावाच्या भिंती वाळूत उभ्या आहेत, दोन्ही अंगांना समुद्र आहे.

कधी

शाळांच्या दिवाळीच्या सुट्टीत सगळे निघतात आणि नेमके तेच दिवस वाईट. भाऊबीज ते लाभपंचमी अख्खा गुजरात द्वारकेला असतो. पुरीत कार्तिक महिना उपासाचा, त्यातले शेवटचे पाच दिवस तर पाय ठेवायला जागा नसते. शिवाय ते बंगालच्या उपसागरातल्या वादळांचे दिवस. रामेश्वरला ऑक्टोबर ते डिसेंबर परतीचा पाऊस. जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर हा काळ तिन्हीकडे चांगला.

पुरीसाठी एक गोष्ट पंचांगात बघून घ्या. ज्येष्ठ पौर्णिमेला देवांचं स्नान होतं, मग त्यांना ताप येतो असं मानून पंधरवडाभर मूर्ती दर्शनाला नसतात. याला "अणसर" म्हणतात. मे-जूनच्या सुट्टीचं तिकीट काढून त्या पंधरवड्यात पोचलेली माणसं मी सिंहद्वारापाशी हताश बसलेली पाहिली आहेत. त्यानंतर आषाढ शुद्ध द्वितीयेला रथयात्रा. ती म्हाताऱ्या माणसाला घेऊन बघायची नाही, हे माझं ठाम मत. दूरदर्शनवर बघा. रथ परत आल्यावर एकादशीला तिन्ही देव रथावर सोन्याच्या दागिन्यांत दर्शन देतात, ती आपलीच आषाढी.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, तरी अर्जात वय नीट भरलं तर खालच्या बर्थचा कोटा मिळतो. साठीच्या पुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या बायका त्यात येतात. एकाच तिकिटावर चार-पाच नावं घातली की तो कोटा हातून जातो. आईचं तिकीट वेगळं काढा.

हे सगळं वहिनींना सांगितलं आणि द्वारका असं जवळजवळ ठरलं. काल त्या सासूबाईंनाच घेऊन आल्या. सासूबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, गुडघ्यावर हात फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, "मला तो भात खायचाय." मग आम्ही नव्यानं बसलो. जानेवारीचा तिसरा आठवडा, मुंबईहून विमानानं भुवनेश्वर, विमानतळावर चाकाची खुर्ची तिकिटाबरोबरच सांगून ठेवायची. पुरीत चार रात्री, खोली तळमजल्यावर किंवा लिफ्टची. पहिल्या दिवशी आत जायचंच नाही, संध्याकाळी सिंहद्वारासमोर बसून ध्वज बघायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे दर्शन, दुपारी महाप्रसाद. घडीची छोटी तिपाई बरोबर, म्हणजे आनंदबाजारात उभ्यानं जेवायला नको. माझ्या देवघरातली पुडी संपली आहे, तेवढी एक येताना आणायला सांगितली.